नेम आणि उद्यापन : स्वतंत्र सॉफ्टवेअरनिर्मितीतील दैनिक संकल्पाचा इतिहास

१

स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आणि लेखक यांच्या अवस्थेत एक मूलभूत साम्य आहे. दोघांनाही कामावर कुणी बोलावलेले नसते. कंपनीत नोकरी करणाऱ्या आज्ञावलीकाराला सकाळची बैठक असते, वरिष्ठ असतो, काम पुरे करण्याची मुदत असते आणि महिनाअखेरीस पगार असतो. मन लागो अथवा न लागो, ही चौकट त्याला दिवसभर उभे करून ठेवते. एकट्याच्या बळावर एखादे सॉफ्टवेअर रचून ते लोकांपर्यंत नेऊ पाहणाऱ्याला अशी चौकट नसते. त्याने आज काही केले नाही तर कुणाचे अडत नाही, आणि उद्याही केले नाही तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुतेकदा तो दिवसा दुसऱ्याची नोकरी करीत असतो. स्वतःच्या कामासाठी त्याच्यापाशी पहाट, रात्र किंवा रविवार एवढेच उरलेले असते. अशा माणसापुढे कौशल्याचा प्रश्न नंतर येतो, निष्ठेचा आधी. हे काम मला खरोखर करायचे आहे, की ते करणारा म्हणून स्वतःकडे पाहायला मला आवडते?

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी त्या जगात एक उपाय पुन्हा पुन्हा योजला गेला. तो म्हणजे रोजचा नेम: अमुक इतके दिवस, दररोज, कितीही अडचण आली तरी, स्वतःच्या आज्ञावलीवर काम करायचे आणि त्याची नोंद ठेवायची. या नेमाचा गेल्या काही दशकांचा इतिहास सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे, की त्याची पहिली काही पाने साहित्याच्याच इतिहासात आहेत. आणि त्याच्या शेवटी उभा राहणारा प्रश्न, म्हणजे मोजलेली निष्ठा ही निष्ठाच राहते का, हा लेखन शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

२

इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ मध्ये टपाल खात्यात रुजू झाले आणि १८६७ पर्यंत त्या नोकरीत राहिले. त्यांच्या सत्तेचाळीस कादंबऱ्यांपैकी बराच भाग या नोकरीच्या काळात, कचेरीत जाण्यापूर्वीच्या वेळात लिहिला गेला. पहाटे साडेपाचला ते लेखनाच्या मेजावर बसत. त्यांना वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका वृद्ध मोतद्दाराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. समोर घड्याळ ठेवलेले असे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द हा दंडक असे. कादंबरी हाती घेतली की ते आठवड्यांचे रकाने आखलेली एक वही तयार करीत आणि रोज किती पाने झाली ते तिच्यात मांडीत. सरासरी आठवड्याला चाळीस पाने; एका पानाचे अडीचशे शब्द. एखादा दिवस आळसात गेला तर तो रिकामा रकाना डोळ्यांना खुपत राही, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. एक कादंबरी संपली की दुसऱ्याच दिवशी पुढची सुरू, असेही घडले आहे.

ट्रोलप यांचे निधन १८८२ मध्ये झाले आणि आत्मचरित्र १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील या हिशेबी कबुलीने त्यांच्या वाङ्मयीन प्रतिष्ठेला धक्का बसला, असे साहित्येतिहासात सामान्यतः सांगितले जाते. प्रतिभेच्या झऱ्याची वाट पाहणाऱ्या काळाला घड्याळ लावून लिहिणारा कादंबरीकार रुचणे कठीण होते. पुढच्या काळाने ट्रोलप यांना पुन्हा मानाचे स्थान दिले. पण त्या वेळी उठलेला आक्षेप मात्र टिकून राहिला. पानांची संख्या हे कलेचे माप होऊ शकत नाही, हा तो आक्षेप.

तो योग्यच आहे. तरीही ट्रोलप यांच्या वहीविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे. पहिली अशी, की ती वही खासगी होती. रिकामा रकाना खुपत होता तो फक्त त्यांना. वाचकांना आणि प्रकाशकांना त्याचा पत्ता नव्हता. दुसरी अशी, की प्रत्येक वहीला शेवट होता. वही एका कादंबरीची असे आणि कादंबरी पुरी झाली की तीही पुरी होई.

३

स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या व्यवसायाचा आरंभ साधारणपणे १९८२ मध्ये मानला जातो, आणि या आरंभाशीही एक पुस्तकी माणूस उभा आहे. अँड्र्यू फ्लूगेलमन हे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील लेखक-संपादक आणि छोटे प्रकाशक होते. नवा आयबीएम संगणक घेतल्यावर, दुसऱ्या संगणकाशी दूरध्वनीच्या तारेवरून मजकुराची देवाणघेवाण करण्यासाठी त्यांनी 'पीसी-टॉक' ही आज्ञावली लिहिली. तिच्या प्रती काढण्यास त्यांनी वापरणाऱ्यांना मनाई केली नाही. वापरून पाहा, इतरांना द्या आणि आवडली तर पंचवीस डॉलर पाठवा, एवढेच सांगितले.

त्याच सुमारास अमेरिकेच्या वायव्य भागात जिम नॉफ नावाचे आयबीएममधील एक कर्मचारी अशाच वाटेवर होते. आपल्या चर्चसाठी पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापण्याच्या निमित्ताने त्यांनी एक आज्ञावली लिहिली. तीच पुढे 'पीसी-फाइल' म्हणून प्रसिद्ध झाली. सहकाऱ्यांना आणि ओळखीच्यांना ती फुकट दिली. हळूहळू अनोळखी लोकांच्या हाती ती गेली आणि नव्या आवृत्त्या, शंका, सूचना यांची पत्रे वाढत चालली. प्रत्येकाला सुधारित प्रत टपालाने पाठवायची तर वेळ आणि पैसा दोन्ही अपुरे पडू लागले. तेव्हा त्यांनी आज्ञावलीतच एक विनंती घातली: ज्यांना पुढच्या सुधारणा हव्या आहेत त्यांनी थोडी देणगी पाठवावी. नॉफ आणि फ्लूगेलमन यांना एकमेकांचा शोध लागला तो वापरणाऱ्यांमुळेच. त्यानंतर दोघांनी परस्परांच्या आज्ञावलीची शिफारस करायचे ठरवले. १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' हा शब्दसंस्कारक याच तऱ्हेने वाटला आणि या पद्धतीला 'शेअरवेअर' हे नाव रूढ झाले.

या पहिल्या पिढीत रोजच्या नेमाची घोषणा आढळत नाही. तिची गरजही नव्हती. नॉफ यांना मेजावर बसवणारी गोष्ट म्हणजे रोजचे टपाल. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचे, सांगितलेला दोष शोधायचा, नवी प्रत बांधून पाठवायची. निष्ठेची परीक्षा बाहेरून येत होती, आणि परीक्षक तीच माणसे होती ज्यांच्यासाठी काम चालले होते. चौकट नसलेल्या कामाला वापरणाऱ्यांनी चौकट पुरवली, असे म्हणता येईल. मात्र ही चौकट काम लोकांपर्यंत पोचल्यानंतरची आहे. ज्याचे काम अजून कुणापर्यंत गेलेले नाही, ज्याला एकही पत्र आलेले नाही, त्याने काय करायचे? दैनिक संकल्पाचा जन्म या पोकळीत झाला.

४

या संकल्पाचा आधुनिक नमुना पुन्हा साहित्याकडूनच आला. १९९९ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी आणि त्यांचे मित्र अशा एकवीस जणांनी एका महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहून पाहण्याचे ठरवले. पुढच्या वर्षापासून हा उपक्रम नोव्हेंबरमध्ये होऊ लागला आणि 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ' या नावाने जगभर पसरला. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द, म्हणजे दिवसाला सुमारे सोळाशे सदुसष्ट. त्यामागची संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण तोवर 'ठरावीक दिवस, ठरावीक माप, सोबतीला अनोळखी सहप्रवासी' हा साचा अनेक क्षेत्रांत पोचला होता.

सॉफ्टवेअरमध्ये या साच्याची सर्वांत फलदायी चाचणी २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. काइल गॅब्लर, काइल ग्रे, मॅट कुचिच आणि शालिन शोधन या चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात संगणकीय खेळ रचण्याचा प्रकल्प हाती घेतला. नियम तीन होते: प्रत्येक खेळ सात दिवसांच्या आत पुरा करायचा, तो एकाच व्यक्तीने रचायचा, आणि तो गुरुत्वाकर्षण, वनस्पती अशा एखाद्या सामायिक विषयाभोवती असायचा. सत्राअखेर पन्नासाहून अधिक खेळ तयार झाले. बरेचसे विसरून जाण्यासारखे होते, आणि तसे असण्याची मुभा नियमांतच होती. त्यांपैकी गॅब्लर यांच्या 'टॉवर ऑफ गू' या छोट्या खेळातून पुढे २००८ मध्ये 'वर्ल्ड ऑफ गू' हा खेळ आकाराला आला. गॅब्लर आणि रॉन कार्मेल या दोघांनी काढलेल्या छोट्या संस्थेचा हा खेळ स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. मूळ खेळ आठवड्याभरात झाला होता. त्याचे पूर्ण रूप यायला वर्षे लागली. हे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. मुदतीच्या संकल्पाने कल्पना हाती दिली. ती पूर्णत्वाला नेण्याचे काम त्या मुदतीच्या पलीकडचे होते.

२००६ च्या जुलैमधील एक प्रसंग या दृष्टीने अधिक बोलका आहे. पॅट्रिक मॅकेन्झी हे जपानमध्ये नोकरी करणारे तरुण अमेरिकन आज्ञावलीकार. छोट्या सॉफ्टवेअर व्यावसायिकांमध्ये त्या वेळी एक आव्हान फिरत होते: थोड्या दिवसांत एखादी विकण्याजोगी वस्तू शून्यापासून बाजारापर्यंत न्यायची. मॅकेन्झी यांनी स्वतःसाठी आठ दिवस आणि साठ डॉलर एवढी मर्यादा आखली. त्यांनी केलेली वस्तू अगदी साधी होती. शिक्षकांनी शब्दांची यादी द्यावी आणि वर्गातल्या मुलांसाठी त्या शब्दांची बिंगोची पत्रके छापून मिळावीत, एवढेच तिचे काम. नावही 'बिंगो कार्ड क्रिएटर'. अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या शिक्षिका हा तिचा मुख्य ग्राहकवर्ग ठरला.

आठ दिवसांत आज्ञावली बाजारात आली. मात्र मॅकेन्झी यांची निष्ठा सिद्ध झाली ती नवव्या दिवसानंतर. नोकरी सांभाळून ते शिक्षिकांच्या पत्रांना उत्तरे देत राहिले, संकेतस्थळावरचा मजकूर पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, विक्री आणि खर्च यांचे आकडे जाहीरपणे मांडत राहिले. नोकरी त्यांनी सोडली ती २०१० मध्ये, म्हणजे जवळजवळ चार वर्षांनी. या काळात आज्ञावलीचा गाभा फारसा बदलला नाही. काम झाले ते तिच्या भोवतालचे. संकल्पाने त्यांना दारात आणून उभे केले होते. आतला मुक्काम मात्र नॉफ यांच्यासारखाच, टपालावर झाला.

५

२०१३ मध्ये दैनिक संकल्पाने आपले शुद्ध रूप धारण केले. जेनिफर डिवॉल्ट यांचे शिक्षण ललित कलेचे होते आणि आज्ञावली लिहिण्याचा अनुभव नव्हता. १ एप्रिल २०१३ पासून १८० दिवसांत १८० संकेतस्थळे, म्हणजे रोज एक, असा त्यांनी नेम केला. त्या दिवशीचे काम त्याच दिवशी प्रसिद्ध करायचे, त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवायचा आणि काय केले ते लिहायचे, हे त्याचे नियम. पहिली पाने बाळबोध होती. शेवटची पाने तशी राहिली नाहीत. एकशेऐंशी दिवस संपले आणि नेमही संपला.

डिवॉल्ट यांच्या उदाहरणाने प्रभावित झालेल्यांत जॉन रेसिग होते. जगभरच्या असंख्य संकेतस्थळांत वापरल्या गेलेल्या 'जेक्वेरी' या संग्रहाचे ते कर्ते. म्हणजे नवशिके नव्हेत. त्यांची अडचण वेगळी होती. नोकरीतले काम नीट चाले, पण स्वतःचे प्रकल्प मागे पडत. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा शोध घेऊ देणारे संकेतस्थळ हा त्यांचा असाच एक स्वतंत्र प्रकल्प. अशी कामे शनिवार-रविवारवर ढकलली जात. त्या दोन दिवसांवर सगळ्या आठवड्याच्या अपेक्षांचे ओझे पडे. आणि एखादा रविवार पाहुण्यांत गेला तर पुढचा आठवडा खंत करण्यात जाई. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपल्या नव्या नेमाविषयी लिहिले. रोज कोड लिहायचा. तो मध्यरात्रीपूर्वी लिहायचा. तो उपयोगी असला पाहिजे, केवळ ओळी नीटनेटक्या करणे त्यात धरायचे नाही. आणि तो खुला करायचा.

रेसिग यांच्या अनुभवकथनातील सर्वांत मोलाची गोष्ट नियमांत नाही, परिणामांच्या वर्णनात आहे. रोज थोडे काम होऊ लागल्यावर ते काम डोक्यात दिवसभर मागे चालू राहू लागले. चालताना, अंघोळ करताना अडलेली गाठ सुटू लागली. शनिवार-रविवारचे भय गेले. प्रगती होत आहे ही जाणीव प्रगतीइतकीच महत्त्वाची असते असे त्यांना आढळले. आणि हा बदल इतरांच्या नजरेत भरावा म्हणून केलेला नाही, तो स्वतःसाठी आहे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. रियाजाची परंपरा असलेल्या समाजाला यातले काही नवे वाटणार नाही. पण ज्या क्षेत्रात रात्रभर जागून केलेल्या पराक्रमाच्या कथा कौतुकाने सांगितल्या जातात, तेथे 'रोज अर्धा तास' हे म्हणणे काहीसे बंडखोरीचे होते.

६

याच काळात या नेमाला एक यंत्र मिळाले, आणि त्याबरोबर त्याचा अर्थ बदलू लागला.

आज्ञावलीत केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवून ठेवणारी 'गिट' ही व्यवस्था लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचली. अशा नोंदी महाजालावर ठेवण्याची सोय 'गिटहब' या संकेतस्थळाने २००८ पासून दिली. २०१३ च्या आरंभी गिटहबने प्रत्येक सदस्याच्या पानावर वर्षभराचा एक तक्ता दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक दिवसाला एक चौकोन. काम नोंदवले तर चौकोन हिरवा, जास्त नोंदवले तर अधिक गडद, काहीच नाही तर फिका. तक्त्याखाली साखळीचे दोन आकडे: सर्वांत लांब सलग साखळी किती दिवसांची, आणि सध्याची किती दिवसांची.

ट्रोलप यांची वही आता भिंतीवर टांगली गेली. खुपणारा रिकामा रकाना सर्वांना दिसू लागला: सहकाऱ्यांना, परक्यांना आणि नोकरी देणाऱ्यांनाही. त्याचे परिणाम दुहेरी झाले. अनेकांना त्यामुळे कामाची गोडी लागली, हे नाकारता येणार नाही. पण तक्ता काय मोजतो हेही पाहिले पाहिजे. एका शब्दाची चूक दुरुस्त केली तरी चौकोन हिरवा; दिवसभर कागदावर विचार करून एक अवघड रचना सुचली पण नोंदवली नाही, तर चौकोन फिका. वापरणाऱ्याच्या तक्रारीला शांतपणे दिलेले लांब उत्तर त्यात येत नाही. एक चुकीचा मार्ग सोडून देण्याचा निर्णयही येत नाही. शिवाय गिटमधील नोंदीची तारीख नोंद करणाऱ्याच्या संगणकाने दिलेली असते. ती मागची घालता येते. तेव्हा मागच्या तारखा घालून साखळी जोडणारे निघाले, आणि हिरव्या चौकोनांची नक्षी जुळवून अक्षरे व चित्रे उमटवणारी साधनेही निघाली. नक्षीवाल्यांनी, गमतीने का होईना, या मापाचे मर्म दाखवून दिले: जो तक्ता ठरवून रंगवता येतो तो पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा?

अधिक गंभीर परिणाम प्रामाणिक माणसांवर झाला. साखळी जितकी लांब, तितके ती तुटण्याचे भय मोठे. आजारपणात, प्रवासात, घरच्या कार्यात मध्यरात्रीपूर्वी काहीतरी नोंदवून मोकळे व्हायचे. हा तक्ता योगदान करणाऱ्यांना हानिकारक ठरू शकतो, असा आक्षेप उघडपणे घेतला गेला. मे २०१६ मध्ये गिटहबने सलग दिवसांचे आकडे काढून टाकले. चौकोन राहिले, साखळीची मोजणी गेली.

अभ्यासकांच्या दृष्टीने ही एक दुर्मीळ संधी होती. माणसे तीच, काम तेच. फक्त एक आकडा दिसेनासा झाला. लुकास मोल्डन, मार्कुस श्ट्रोमायर आणि योहानेस वाक्स यांनी या बदलाच्या आधीच्या व नंतरच्या नोंदींचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. त्यांना आढळले ते असे: आकडा गेल्यावर दीर्घकाळ चाललेल्या साखळ्या सोडून दिल्या गेल्या, शनिवार-रविवारचे काम कमी झाले, आणि ज्या दिवशी नेमकी एकच नोंद झाली आहे असे दिवस पूर्वीपेक्षा विरळ झाले. हा तिसरा निष्कर्ष विशेष अर्थपूर्ण आहे. एकच नोंद असलेला दिवस हा बहुधा हजेरी लावण्याचा दिवस असतो. हजेरीपुस्तक मिटल्यावर त्या हजेऱ्यांपैकी काही नाहीशा झाल्या. ज्याला आपण निष्ठा समजत होतो तिच्यातला काही भाग पुस्तकाचाच होता, असा याचा अर्थ होतो.

७

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाची मदत होते. आपल्याकडे व्रत घेतात, चालवतात आणि त्याचे उद्यापन करतात. श्रावणातल्या कहाण्यांत वसा सांगताना तो कसा घ्यावा याबरोबरच तो केव्हा व कसा संपूर्ण करावा हेही सांगितलेले असते. सोळा सोमवार सोळाच असतात. उद्यापनानंतरच्या एखाद्या सोमवारी उपास केला नाही तर व्रत मोडत नाही, कारण ते पूर्ण झालेले असते. मोडणे आणि पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांतले अंतर उद्यापनाने राखले जाते.

बेटी यांचे तीस दिवस, कार्नेगी मेलनचे सात, मॅकेन्झी यांचे आठ, डिवॉल्ट यांचे एकशेऐंशी: या सर्व संकल्पांना उद्यापन होते. २०१६ मध्ये अलेक्झांडर कॅलवे यांनी सुरू केलेल्या, रोज निदान एक तास कोड लिहिण्याच्या शंभर दिवसांच्या नेमालाही ते आहे. गिटहबच्या साखळीला ते नव्हते. साखळी पूर्ण होऊच शकत नव्हती; तिला फक्त तुटणे ठाऊक होते. ज्या नेमाचा शेवट केवळ अपयशातच होऊ शकतो, तो परीक्षा न राहता शिक्षा होतो. दोनशे दिवस इमानाने काम करून दोनशे एकाव्या दिवशी तापाने झोपलेल्या माणसाला यंत्र शून्य दाखवते. त्या शून्याने अनेकांचे कामच सुटते, कारण दोनशे दिवसांत घडलेल्या वस्तूपेक्षा दोनशे हा आकडाच त्यांना मोठा वाटू लागलेला असतो.

दुसरा प्रश्न मापाचा. ट्रोलप यांनी पाने मोजली, गिटहबने दिवस. डॉनल्ड कनूथ यांनी मोजण्यासाठी तिसरी गोष्ट निवडली. ते तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. स्वतंत्र व्यावसायिक नव्हेत. पण आपल्या ग्रंथाची मुद्रिते पाहून छपाईच्या दर्जाने निराश झाल्यावर १९७७ मध्ये त्यांनी अक्षरजुळणीची आज्ञावली स्वतःच लिहायला घेतली, आणि ती सर्वांना मुक्तपणे दिली. 'टेक्' नावाची ही आज्ञावली वर्षभरात संपेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात एक दशक लागले. या काळात त्यांनी एक नोंदवही ठेवली. तिच्यात टेक् मध्ये सापडलेली प्रत्येक चूक आणि केलेला प्रत्येक बदल त्यांनी लिहिला. १९८९ मध्ये त्यांनी ती वही एका निबंधासह प्रसिद्ध केली. आठशेहून अधिक नोंदी, पंधरा वर्गांत विभागलेल्या: विचारातली चूक, विसरलेली गोष्ट, हाताची चूक, अनपेक्षित प्रसंग आणि असेच इतर.

हीही सातत्याचीच नोंद आहे, पण तिची दिशा उलट आहे. साखळी सांगते, मी रोज आलो. कनूथ यांची वही सांगते, मी येथे येथे चुकलो आणि ते असे सुधारले. पहिली नोंद करणाऱ्याविषयी बोलते, दुसरी वस्तूविषयी. आणि कनूथ यांनी उद्यापनाची तजवीजही केली. तिसऱ्या आवृत्तीनंतर टेक् मध्ये नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, असे त्यांनी जाहीर केले. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीच्या आकड्याला 'पाय' या गणिती स्थिरांकाचा एक अंक जोडला जातो; आणि आपल्या मृत्यूनंतर तो आकडा 'पाय' असाच ठरवून काम कायमचे थांबवावे, अशी त्यांची इच्छा आहे.

८

या इतिहासातून काय हाती लागते? रोजचा नेम निरुपयोगी आहे असे त्यातून निघत नाही. डिवॉल्ट यांनी नेम केला नसता तर त्या बहुधा शिकल्या नसत्या, आणि रेसिग यांचे स्वतंत्र काम शनिवार-रविवारच्या आशेवर पडून राहिले असते. आरंभाच्या पोकळीत, जेव्हा बाहेरून कुणाचीच हाक येत नसते, तेव्हा स्वतःच स्वतःला हाक मारण्याची ती एक रीत आहे. मुदत ठरलेली असेल, माप वस्तूच्या जवळचे असेल आणि नोंद प्रथम स्वतःसाठी असेल, तर नेम माणसाला त्याच्या इच्छेविषयी बरेच खरे सांगतो. तीस दिवस रोज अर्धा तास काढूनही ज्या कामाकडे मन ओढले जात नाही, ते सोडून देणे हेही त्या परीक्षेचे प्रामाणिक उत्तर असते. नापास होण्याची मुभा असल्याखेरीज परीक्षेला अर्थ नाही.

पण नेम ज्याची परीक्षा घेतो ती निष्ठा अजून स्वतःपुरती असते. स्वतंत्र सॉफ्टवेअरमधील पुढची निष्ठा दुसऱ्यांशी असते आणि तिला दिवसांचे माप लागू होत नाही. मराठी वाचकाला याचे उदाहरण जवळचे आहे. २००० च्या दशकात महाजालावर मराठी लिहू लागलेल्या कित्येकांनी 'बरहा' किंवा 'गमभन' यांसारख्या, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर घडलेल्या टंकलेखन-साधनांच्या आधारे आपली पहिली देवनागरी वाक्ये लिहिली. अशा साधनाचे काम एकदा लिहून संपत नाही. नवा न्याहाळक आला, संगणकाची कार्यप्रणाली बदलली, एखादे जोडाक्षर उमटेनासे झाले, की कुणीतरी बसून ते नीट करावे लागते. त्या दिवशी कुठला चौकोन हिरवा होतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की कालपर्यंत न उमटणारा 'र्‍य' आज उमटला.

जिम नॉफ यांच्या टपालपेटीपासून मॅकेन्झी यांच्या शिक्षिकांपर्यंत हीच गोष्ट दिसते. लेखनाच्या वर्गात रोज एक पान लिहा असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, आणि ते सांगणे योग्यच आहे. त्याबरोबर दोन गोष्टी सांगायला हव्यात: हा नेम अमुक दिवशी पूर्ण होईल, आणि तो पूर्ण झाल्यावर वही मिटून, लिहिलेल्यापैकी एखादे पान कुणाला तरी वाचायला द्यायचे आहे. वाचणाऱ्याने जेथे बोट ठेवले, तेथून पुढचे काम सुरू होते.